बाग, कोको, धबधबा : एका दिवसाच्या निसर्गसहलीच्या नोंदी

8 जून

आजपासून वही. कल्पना अशी : कोल्हापुरातून पहाटे निघायचं, एक बाग, एक धबधबा आणि एक कोकोची लागवड दाखवायची, आणि रात्रीच्या जेवणाला माणूस आपापल्या घरी. सतरा सीटची गाडी, पाहुणे चौदाच. सोबत मी आणि सर. सर म्हणजे कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवणारे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी रस्त्याकडेचं गवत बघायला अजून गाडी थांबवतात.

कोको डोक्यात शिरला तो डिसेंबरात. एका लग्नाला फोंडा घाट उतरून गेलो होतो. जेवण झाल्यावर शेजारच्या पोफळीच्या बागेत सावलीला गेलो, तर बुटक्या झाडांच्या खोडांना पिवळी, शिरा असलेली, पपईच्या पिल्लासारखी फळं चिकटलेली. फांदीला नाही, खोडालाच. चाळीसएक झाडं. बागवाले काका म्हणाले, भावाने दक्षिण कन्नडातून, पुत्तूरच्या बाजूने रोपं आणली होती. भाऊ आता नाही, झाडं राहिली. फळं खारी खातात, उरलेली गळून कुजतात. तेव्हापासून ती झाडं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पहिली यादी : टाऊन हॉलची बाग, विद्यापीठाचं उद्यान, रंकाळा, राधानगरी धरण, राऊतवाडीचा धबधबा, दाजीपूरचं जंगल, कोको. सात ठिकाणं.

11 जून

यादी सरांना दाखवली. त्यांनी पेन घेऊन चार ठिकाणं खोडली. म्हणाले, "एका दिवसात माणसाला एकच गोष्ट नीट दिसते. ती कुठली ते आधी ठरव, मग गाडी ठरव."

राहिलं ते : विद्यापीठाचं उद्यान, राऊतवाडी, कोको. धरण जाता-येता गाडीतून दिसेल तेवढंच. पण ती एक गोष्ट कुठली, हे मला अजून सांगता येत नाही. वरकरणी या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि "तिन्ही हिरवं आहे" हे काही उत्तर नव्हे.

15 जून

काकांच्या बागेत पूर्ण दिवस. पाऊस नुकता लागलाय. पोफळीच्या झावळ्यांतून गळणारं पाणी कोकोच्या मोठ्या पानांवर टपटपतं, आणि खाली कुजलेल्या पानांचा वास.

सरांनी जे सांगितलं ते इथे नीट उतरवून ठेवतो, कारण पाहुण्यांना हेच सांगायचंय.

कोको मूळचा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. तिथे तो उंच झाडांच्या खाली, सावलीत वाढतो. म्हणून आपल्याकडे त्याला नारळ-पोफळीची बाग मानवते : वरून निम्मी सावली, मुळाशी ओल, वाऱ्याला आडोसा. थंडी सोसत नाही. लिनियसने 1753 मध्ये त्याला थिओब्रोमा हे नाव दिलं, ग्रीकमध्ये अर्थ देवांचं अन्न. भारतात व्यापारी लागवड 1960 च्या दशकात वायनाडकडे सुरू झाली. आज मुख्य पट्टे आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत. पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना 1986 पासून आहे. काकांची रोपं त्याच मुलखातली.

सर म्हणाले, हे झाड इथलं नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. लपवायचं नाही. मला ते पटलं. आपल्याकडे परक्या पिकाचं कुतूहल नवं नाही. शाहू महाराजांनी पन्हाळ्याकडे चहा-कॉफी लावून बघितली होती. कोको लावला म्हणजे सह्याद्री वाढला असं होत नाही. पण पोफळीच्या सावलीत जागा मिळाली तर तो तिथल्या जिवांशी जमवून घेतो, आणि बघण्यासारखं आहे ते हेच जमवून घेणं.

फूल बघितलं. करंगळीच्या नखाएवढं, पांढरट-गुलाबी, खोडावरच्या गाठीतून बारीक देठाने लोंबतं. पाकळीच्या खोलगट टोपीत पुंकेसर लपलेला असतो. मधमाशी इथे काही करू शकत नाही, ती मोठी पडते. परागीभवन करतात ती चिलटाहून बारीक घुंगुरटं, दोन-तीन मिलिमीटरची. फूल पहाटे उमलतं, आणि परागकण पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवशी गळून जातं. शंभर फुलांतून पाचांचीही फळं होत नाहीत. फळ पिकायला पाच-सहा महिने.

काकांनी बाग झाडून लख्ख ठेवली होती. पाहुणे यायचे म्हणून. सर बराच वेळ खाली बघत उभे राहिले. मग म्हणाले, "काका, घुंगुरटं कुजक्या पाल्यात अंडी घालतात. केळीचे खांब तोडून टाकता ना, ते तुकडे करून कोकोच्या बुंध्याशी टाका. आणि पाला झाडू नका."

काका म्हणाले, "मगे लोक म्हणतले, बाग घाण ठेवलीन."

काकी मागून म्हणाल्या, "म्हणूंदेत."

2 जुलै

पहिली रंगीत तालीम. मी, सर, ड्रायव्हर दादा आणि घरचे पाच जण. फसली. सगळं लिहून ठेवतो.

विद्यापीठातून निघायला नऊ वाजले, कारण मी उद्यानात बोलतच राहिलो. राधानगरीपर्यंत धुवांधार पाऊस. राऊतवाडीला धबधबा होता, पण दिसत नव्हता. समोर फक्त पांढरं धुकं आणि कानठळ्या. बहिणीच्या मुलाच्या घोट्याला तीन जळवा लागल्या आणि तो घाबरला. फोंडा घाटात दरडीची माती रस्त्यावर आलेली, तासभर थांबलो. बागेत पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि पोफळीखाली संध्याकाळ झाली होती. कोकोची अर्धी फळं काळी पडलेली. हात लावला की बोट आत जात होतं.

काका म्हणाले, "पावस इलो काय फळां काळी पडतत."

ही फळकूज. ती करणारी बुरशी फायटोफ्थोरा, म्हणजे सुपारीला कोळेरोग करणाऱ्या बुरशीच्याच कुळातली. पावसाचे शिंतोडे जमिनीवरची माती उडवतात, माती फळाला लागते, दोन-चार दिवसांत तपकिरी डाग दिसतो, आणि पुढे तो पूर्ण फळावर पसरतो. पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण मारायचं असतं : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. काका पोफळीला मारतात, कोकोला राहून गेलं. आम्हीही आधी विचारलं नव्हतं.

परतताना दाजीपूरच्या अलीकडे रस्त्यावर गवा. अंधार, धुकं, आणि दिव्यांच्या उजेडात अचानक ती काळी भिंत. दादांनी गाडी थांबवली, दिवे मंद केले, आणि तो जाईपर्यंत आम्ही कुणी बोललो नाही. हे जंगल 1958 पासून अभयारण्य आहे, 351 चौरस किलोमीटर, 2012 पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग. रात्री तो रस्ता गव्यांचा आहे. तिथून अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं, हा नियम आज ठरला.

3 जुलै

जुलै-ऑगस्ट रद्द. धबधब्याचा खरा जोर याच दोन महिन्यांत असतो आणि लोक याच दोन महिन्यांत विचारतात, हे माहीत आहे. तरी रद्द. धुक्यात धबधबा दिसत नाही, कोको कुजतो, घाट बेभरवशाचा.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य, एवढीच खिडकी. पाणी अजून पडत असतं, कातळ दिसायला लागतो, कोकोचा दुसरा बहर पिकत येतो, आणि बिया वाळवायला ऊन मिळतं. म्हणजे वर्षाला तीन किंवा चार सहली. धंदा म्हणून हे कमी आहे. पण पाहुण्याला मी कुजकं फळ आणि धुकं दाखवून पैसे घेणार नाही.

13 जुलै

पावसाने घरात अडकलो. डोक्यात एकच प्रश्न : बाग आधी का दाखवायची? नुसती वाटेत आहे म्हणून?

एक उत्तर सुचलं. खोडाला लागणारी फळं. आपल्या लोकांना ती नवी नाहीत, फणस आणि उंबर प्रत्येकाने पाहिलेत. कैलासपतीची फुलंही थेट खोडातून लोंबतात. सकाळी ही झाडं दाखवली तर दुपारी कोको बघताना "हे काय विचित्र" असं न म्हणता लोक म्हणतील, "हे फणसासारखं." मला तेच हवंय.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "अर्धं उत्तर आहे. ऑगस्टमध्ये उद्यानात ये. उरलेलं तिथे दाखवतो."

27 जुलै

पंचगंगेला पाणी चढलंय. शहरात सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे. आज सहलीचं काही नाही.

10 ऑगस्ट

सरांनी उरलेलं अर्धं दाखवलं. हे सविस्तर लिहितो.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लीड बोटॅनिकल गार्डनचा दर्जा दिलेला आहे. तिथलं मोठं काम कंदीलपुष्पांचं. शास्त्रीय नाव सेरोपेजिया, आपल्याकडे खर्पुडी, हमण अशी नावं. या वर्गातल्या अनेक जाती फक्त पश्चिम घाटात सापडतात, काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरावरच. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जाती शोधल्या, जपल्या, वाढवल्या. दुर्मीळ होण्याचं एक कारण अगदी साधं आहे : जमिनीखालचा कंद खायला चांगला लागतो. गुराखी पोरं उकरून खातात, रानडुकरंही.

एका कुंडीत वेल काठीवर चढलेली आणि तिला एक फूल. लांबी माझ्या तर्जनीच्या दोन पेरांएवढी. खाली फुगीर भांडं, वर अरुंद नळी, टोकाला पाच पाकळ्या एकत्र जुळून झालेला पिंजरा. खरोखर कंदिलासारखं. सरांनी वाकायला सांगितलं. नळीच्या आत बारीक केस, सगळे खालच्या दिशेला झुकलेले. वासाला भुलून चिलट आत शिरतं, केसांवरून घसरत खाली भांड्यात पडतं. वर यायचं म्हटलं तर केस आडवे. रात्र तिथेच काढायची. आत धडपडताना परागकणांच्या पिशव्या त्याला चिकटतात. मग केस कोमेजतात, फूल मान टाकतं, चिलट सुटतं आणि त्या पिशव्यांसकट दुसऱ्या कंदिलात शिरतं.

सरांनी दुसरं एक मिटत आलेलं फूल ब्लेडने उभं कापलं, उद्यानातल्यांना विचारून. भांड्याच्या तळाशी एक चिलट होतं. जिवंत. जरा वेळ तसंच बसलं, पाय एकमेकांवर घासले, उडालं.

"कोकोचं फूल कोण फळवतं?" सरांनी विचारलं.

म्हणजे ही ती एक गोष्ट. चिलट. बागेत चिलट कंदिलात अडकतं. धबधब्याखालचा तो कुजका पाला, शेवाळ, सतत ओला कातळ, तिथे असल्याच बारीक माश्या जन्माला येतात. आणि कोकोच्या फुलात त्यांच्यातलीच घुंगुरटं शिरतात. जातींनी वेगवेगळी, पण सगळी अशी की आपण हाताने हाकलतो आणि विसरतो. दिवसभर याच जिवाच्या मागे जायचं. धबधबा बघायला आलेला माणूस धबधबा बघेलच. त्याच्या पायाशी काय चाललंय ते दाखवणं आमचं काम.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सहलीत डासांची अगरबत्ती कुणाला लावू देऊ नका." नियमांत घातलं.

24 ऑगस्ट

बिया आंबवायचा पहिला प्रयोग वाया गेला.

पाहुण्यांना नुसतं फळ दाखवून उपयोग नाही. फळ ते चॉकलेट यामधली खरी पायरी आंबवणं. ती दिसत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. फळ फोडलं की आत पांढऱ्या, लिचीसारख्या गोड गरात तीस-चाळीस बिया. बी चावली तर कडू आणि तुरट, कापली तर जांभळी. चॉकलेटचा वास नावालाही नाही. तो वास तयार होण्यासाठी बी आधी आंबून मरावी लागते.

काकांनी कुजीतून वाचलेली बारा फळं फोडली, सव्वा किलो बिया पातेल्यात घालून केळीच्या पानाने झाकल्या. पाच दिवसांनी वर पांढरी बुरशी, आत तशीच जांभळी, तुरट बी. टाकून दिल्या.

सर म्हणाले, ढीग लहान पडला. आंबताना जी उष्णता तयार होते ती एवढ्याशा ढिगात टिकत नाही. चाळीस-पन्नास अंशांपर्यंत गेलंच पाहिजे. मोठ्या मळ्यांत लाकडी पेट्यांत किंवा टोपल्यांत भरपूर बिया एकदम घालतात. आपल्याकडे तेवढ्या नाहीत.

उपाय काकींनी काढला. मासळीचा थर्माकोलचा डबा.

14 सप्टेंबर

गणपतीची धांदल उरकली. काकांकडे साठ पिकलेली फळं निघाली, साधारण सहा किलो ओल्या बिया. डबा सोड्याने तीनदा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, तळाला पाणी निथळायला भोकं पाडली, आत केळीची पानं अंथरली, बिया भरल्या, वर पुन्हा पानं, झाकण, आणि बाहेरून गोणपाट. मी दूध तापवायचा थर्मामीटर तिथे ठेवून आलो. रोज संध्याकाळी काकींचा फोन.

15 सप्टेंबर : "गोड वास येता. फणसाचो कसो."

16 सप्टेंबर : "आता दारूचो वास." बरोबर. गरातल्या साखरेचा यीस्टने अल्कोहोल केला. 38 अंश. लाकडी उलथन्याने खालचं वर केलं.

17 सप्टेंबर : फोन आला नाही. मीच केला. वीज नव्हती.

18 सप्टेंबर : "नाकात जाता रे झिला, शिरक्याचो वास." 45 अंश. हवा लागली की दुसरे जिवाणू त्याच अल्कोहोलचं व्हिनेगर करतात, आणि या उष्णतेने व आंबटाने बीमधला अंकुर मरतो. इथेच बीच्या आत रंग आणि चव बदलायला लागते. पुन्हा हलवलं.

20 सप्टेंबर : मी स्वतः गेलो. काकींनी झाकण काढलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "हात घालून बग." आत कोमट नाही, गरम. गाईच्या गोठ्यातल्या शेणखताच्या ढिगात हात घातल्यासारखं. बिया विटकरी झालेल्या, गर निथळून गेलेला. एक बी उभी कापली. जांभळा रंग कडेला जेमतेम उरलाय, मध्ये तपकिरी, आणि आतल्या घडीला भेगा पडायला लागल्यात. काका-काकी दोघंही वाकून बघत होते. काका म्हणाले, भावाने हे कधी केलं नव्हतं, ओल्या बियाच विकायचा. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

खळ्यात चटईवर बिया पसरल्या. सात-आठ दिवस ऊन लागेल. मुठीत दाबल्या की कुडकुड वाजल्या पाहिजेत.

22 सप्टेंबर

वेळापत्रक ठरलं, आणि कुठल्या ठिकाणी आधी जायचं तेही.

साडेसहाला विद्यापीठ. परवानगीचं पत्र आधी दिलेलं. सव्वासातला बाहेर, माझं बोलणं झालं नसलं तरी. पुईखडी, हळदी, भोगावती करत राधानगरी. नाश्ता गाडीतच, भडंग आणि उकडलेली अंडी. दहाच्या आत राऊतवाडी. धबधबा दुपारआधी उरकायचाच, कारण या दिवसांत ढग दुपारनंतर भरतात आणि वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं, सोबत दगड येतात. एक वाजता बाग, जेवण, मग कोको. सव्वाचारला निघायचं म्हणजे दाजीपूर उजेडात पार.

धबधब्यावर पाण्यात कुणी उतरणार नाही. गाडीत बसतानाच सांगणार, नाव नोंदवतानाही सांगणार. ज्यांना भिजायचंय त्यांनी दुसरीकडे जावं.

बागेत शिरायच्या आधी बूट धुवायचे. ब्रश आणि पाण्याची बादली फाटकाशी. मातीतून बुरशी फिरते. आम्ही चौदा जणांचे पाय एका बागेतून दुसरीकडे नेणार असू तर ही जबाबदारी आमची.

काकांना दर पाहुण्यामागे ठरलेली रक्कम, जेवणाचे पैसे वेगळे, आणि फळं कमी निघाली तरी रक्कम तीच. त्यांनी आधी नको म्हटलं. मी कागदावर लिहून दिलं.

28 सप्टेंबर

पहिली सहल. अकरा जण आले. तिघांनी पावसाच्या भीतीने आदल्या रात्री कळवलं.

उद्यानात कंदीलपुष्प पाच मिनिटं कुणाला दिसतच नव्हतं. वेल समोर, फूल समोर, आणि सगळे मागच्या मोठ्या झाडाकडे बघत होते. मग इचलकरंजीहून आलेल्या एका आजींना दिसलं. त्यांनी बाकीच्यांना बोट करून दाखवलं, आणि तिथून पुढे दिवसभर त्याच सगळ्यांच्या पुढे होत्या.

राऊतवाडीला एक चूक कळली. धबधब्यासमोर बोलता येत नाही. आवाजात माझा एक शब्द कुणाला ऐकू गेला नाही. शेवटी सर गप्प खाली बसले आणि कातळावरच्या शेवाळाकडे नुसतं बोट केलं. एकेक जण येऊन वाकला. ओल्या दगडावर नेच्याची बोटभर रोपटी, तेरड्याची गुलाबी फुलं, शिंतोड्यांत भिजणाऱ्या पानांच्या थरावर नाचणारी बारीक माश्यांची रांग. बोलण्यापेक्षा हे बरं झालं.

दाजीपूर ओलांडताना दादांनी स्वतःहून सांगितलं, जे मी सांगायचं विसरलो होतो : इथून मागे पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जातो, आणि पुढे घाटाखाली पडलेला अरबी समुद्राला. गाडी थांबवून सगळे उतरले आणि दोन्हीकडे बघितलं. बघायला काही नव्हतं, दोन्हीकडे झाडंच. तरी उतरले.

बागेत काकींचं जेवण : उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, सोलकढी, आणि आमच्या आजींनी सोबत आणलेला ठेचा. मग कोको. वाळलेल्या बिया सवा दोन किलो निघाल्या होत्या. काकींनी लोखंडी कढईत मंद आचेवर भाजल्या. पंधराव्या मिनिटाला वास बदलला. त्याआधी आंबट, जरा व्हिनेगरचा. मग एकाएकी सगळ्यांनी माना वर केल्या. एक छोटा मुलगा म्हणाला, "चॉकलेट!" अजून कुणी तो शब्द उच्चारला नव्हता.

टरफलं हाताने काढून सुपात पाखडली, आणि पाट्यावर वाटायला घेतली. बीत निम्म्याच्या आसपास चरबी असते. शेंगदाण्याचं कूट जास्त कुटलं की तेल सुटतं, तसंच. दहा-बारा फेऱ्यांत भुकटीचा लगदा आणि लगद्याचा काळा, चकचकीत ओघळ. त्यात आम्ही कोल्हापूरहून नेलेला गूळ किसून घातला. साखर नाही. चव खरखरीत, कडवट, आणि गुळाचा खारट-गोड शेवट. दोघांना आवडली नाही, त्यांनी तसं सांगितलं. बाकीच्यांनी पाटा पुसून खाल्ला.

सव्वाचार ऐवजी पावणेपाचला निघालो. दाजीपूरला उजेड जेमतेम होता. हे पुन्हा होता कामा नये.

29 सप्टेंबर

दुरुस्त्या. धबधब्याचं सगळं बोलणं गाडीत, पोचायच्या आधी. तिथे फक्त बोट करायचं. चार भिंगं पुरली नाहीत, सहा घ्यायची. भाजणं जेवणाच्या आधी सुरू करायचं, म्हणजे अर्धा तास वाचतो. जळवांसाठी मोज्यांना मिठाचं पाणी लावलं होतं, एकालाही लागली नाही.

12 ऑक्टोबर

दुसरी सहल, चौदा पूर्ण. वेळ पाळली. धबधबा बारीक झालाय, पण कातळाचे थर आता स्वच्छ दिसतात आणि मलबारी कस्तूर या पक्ष्याची शीळ पाण्याच्या आवाजातूनही ऐकू आली, माणसाने वाजवावी तशी.

आजचा दिवस मात्र एका मुलीचा. आठवी-नववीतली असेल. बाकीचे भाजणं बघायला गेले, ती कोकोच्या एका बुंध्याशी भिंग घेऊन बसली. जूनमध्ये सरांनी सांगितलेले केळीचे खांब तिथेच, आता काळे पडून भुसभुशीत झालेले. वीस मिनिटांनी तिने मला हाक मारली, आणि हातानेच "हळू" अशी खूण केली. फुलाच्या टोपीच्या कडेवर एक घुंगुरट. टाचणीच्या डोक्याएवढं. आत शिरलं, दिसेनासं झालं, मागून परत आलं, पंख साफ केले. चार महिने मी याबद्दल बोलत होतो आणि आज पहिल्यांदा पाहिलं. काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, भिंग घेतलं, श्वास रोखून बघितलं.

"ह्या?" ते म्हणाले. "ह्या तर मी रोज हाकलतंय."

त्या झाडावर बोटाच्या पेराएवढी कच्ची फळं आम्ही मोजली. सतरा. त्यातली बरीच अशीच काळी पडून वाळतील, झाड सगळी पोसत नाही. केळीच्या खांबांमुळे जास्त धरली का, हे एका झाडावरून म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी दहा झाडांखाली खांब टाकायचे, दहा मोकळी सोडायची, आणि त्या मुलीला मोजायला बोलवायचं. तिच्या वडिलांनी हो म्हटलंय.

19 ऑक्टोबर

या हंगामाचं थांबवलं. राऊतवाडीला पाण्याची रेघ उरलीय. दिवाळीनंतरसाठी दोन गट विचारत होते, नाही सांगितलं, का ते समजावून सांगितलं.

हिशेब जमला. फायदा थोडा आहे, काकांचे पैसे पूर्ण दिले, उद्यानाला आभाराचं पत्र दिलं.

पुढचं काम : एप्रिलमध्ये फळांवर खारींसाठी जाळी, मेअखेर कोकोला बोर्डो, या वेळी विसरायचं नाही. कोकोची वीस झाडं निवडून खोडाला नंबर. काकी म्हणाल्या, मासळीचा एक डबा पुरणार नाही, येताना कोल्हापुरातून दोन मोठे आणायचे.